पोर्ट अपडेट करताना: फ्रीबीएसडीवर बाहेरचं सॉफ्टवेअर सांभाळण्याची रीत

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बेस सिस्टीम एकीकडे आणि बाहेरचं सॉफ्टवेअर दुसरीकडे, असा सरळ वाटा आहे. कर्नल, सी लायब्ररी, साधा शेल आणि क्लँग कंपायलर बेसमध्ये येतात. फायरफॉक्स, पायथन, पोस्टग्रेस, इतकंच काय बॅशसुद्धा बाहेरचा. बाहेरचं सगळं /यूएसआर/लोकल या डिरेक्टरीखाली उतरतं आणि ते तिथे कसं उतरवायचं याची कृती पोर्ट्स ट्रीमध्ये असते. ही पद्धत जॉर्डन हबर्डने ऑगस्ट १९९४ मध्ये मेक मॅक्रोंच्या रूपात घातली. आज त्या ट्रीमध्ये ३०,००० हून अधिक पोर्ट आहेत आणि प्रत्येकाच्या मेकफाइलमध्ये 'मेंटेनर' नावाची एक ओळ आहे. त्या ओळीत ज्याचा पत्ता, त्याच्या डोक्यावर जबाबदारी.

पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. एक छोटी डिरेक्टरी, तिच्यात मेकफाइल, डिस्टइन्फो, पीकेजी-डिस्क्र, पीकेजी-प्लिस्ट आणि गरज असेल तर फाइल्स या उपडिरेक्टरीत काही पॅच, एवढाच संसार. नवी आवृत्ती आली की मेकफाइलमधला आकडा बदलायचा. त्याला दोन मिनिटं लागतात. उरलेला सगळा वेळ आत काय बदललं आणि आपल्यावर कोण कोण विसंबून आहे हे शोधण्यात जातो. त्या वेळेत काय करायचं, ते पुढे क्रमाने येतं.

कमांड, फाइलींची नावं आणि व्हेरिएबल इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे. मेकफाइलमधले व्हेरिएबल संपूर्ण कॅपिटलमध्ये असतात आणि '=' नंतर स्पेस नव्हे, टॅब येतो. उदाहरणासाठी 'पणती' नावाचा एक काल्पनिक प्रोग्राम घेऊ: टेक्स्टप्रॉक या वर्गातला, सी भाषेत लिहिलेला, सोबत स्वतःची लायब्ररी असलेला. तो २.३.१ वरून २.४.० वर न्यायचा आहे.

तयारी

गिट डॉट फ्रीबीएसडी डॉट ऑर्गवरून पोर्ट्सची पूर्ण रिपॉझिटरी क्लोन करा. जागा वाचवण्यासाठी 'डेप्थ १' लावण्याचा मोह टाळा. २०२१ मध्ये ट्री सबव्हर्जनवरून गिटवर आली तेव्हा जुना इतिहासही सोबत आला आणि 'हा विचित्र पॅच कोणी, का घातला' याचं उत्तर बहुतेकदा गिट लॉगमध्येच सापडतं. क्लोन आपल्या होम डिरेक्टरीत ठेवा आणि प्रत्येक अपडेटसाठी वेगळी ब्रँच काढा.

/ईटीसी/मेक.कॉन्फमध्ये 'डेव्हलपर=येस' ही ओळ घाला. ती नसेल तर पॅकेज बनवताना होणाऱ्या गुणवत्ता-तपासण्यांपैकी बऱ्याचशा चालतच नाहीत आणि आपलं सगळं आलबेल आहे असं वाटत राहतं. मग पीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या 'पीकेजी इन्स्टॉल' कमांडने पोर्टलिंट (पोर्टच्या फाइलींतल्या चुका दाखवणारा) आणि पूड्रिएर बसवा.

पूड्रिएर हा फ्रेंच शब्द, अर्थ दारूगोळ्याचं कोठार. स्वच्छ जेलमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, पोर्ट बिल्ड करणारं हे साधन आहे आणि प्रकल्पाची अधिकृत पॅकेजंही त्यानेच बनतात. म्हणजे तुमच्या घरच्या पूड्रिएरमध्ये जे पडलं, ते तिकडेही पडणार. /यूएसआर/लोकल/ईटीसी/पूड्रिएर.कॉन्फमध्ये झेडएफएस वापरत असाल तर झेडपूलचं नाव द्या, नसाल तर 'नो_झेडएफएस=येस' लिहा. डिस्टफाइल्स_कॅशसाठी दिलेली डिरेक्टरी आधी स्वतः तयार करावी लागते. मग जेल:

पूड्रिएर जेल -सी -जे १४३एएमडी६४ -व्ही १४.३-रिलीज

जेलची आवृत्ती यजमान मशीनपेक्षा नवी नको. जुन्या कर्नलवर नवं यूजरलँड चालवलं तर अशा ठिकाणी मोडतं की दोष पोर्टचा की जेलचा तेच कळत नाही. आपला क्लोन पूड्रिएरला दाखवण्यासाठी 'पूड्रिएर पोर्ट्स' कमांडला पद्धत म्हणून 'नल' द्या आणि कॅपिटल एम या पर्यायापुढे क्लोनचा पाथ लिहा. असं केलं की तुम्ही एडिटरमध्ये केलेला बदल थेट जेलमध्ये दिसतो, मधे कॉपी करायला नको.

आकडा बदलण्याआधी वाचायचं

जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्यांचे सोर्स शेजारी शेजारी उलगडा आणि 'डिफ -आरयू' चालवा. सगळा डिफ वाचायची गरज नसते. पण बिल्ड व्यवस्थेच्या फाइली (कॉन्फिगर.एसी, सीमेकलिस्ट्स, मेसन.बिल्ड यांपैकी जी असेल ती), लायसन्स आणि बदलांची नोंद या तीन गोष्टी ओळ न ओळ वाचायच्या. नवी डिपेन्डन्सी (म्हणजे सोबत लागणारं दुसरं सॉफ्टवेअर) आली का, जुनी गेली का, एखादा पर्याय आपोआप चालू झाला का, हे बिल्डच्या फाइलीतच कळतं.

लायसन्सकडे कानाडोळा होतो कारण ते वर्षानुवर्षं तेच असतं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने पुढच्या आवृत्त्यांसाठी बीएसडी परवाना सोडला. टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये असाच पवित्रा घेतला होता. मेकफाइलमधली लायसन्सची ओळ जुनीच राहिली, तर आपण लोकांना चुकीची माहिती देत राहतो आणि बिल्ड यंत्रणा वाटू नये असं पॅकेज वाटत राहते.

डिफ वाचण्याचं दुसरं कारण अधिक गंभीर आहे. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा असल्याचं अँड्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं. त्याला चालना देणारी 'बिल्ड-टू-होस्ट.एम४' ही बदललेली फाइल प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. टारबॉलमध्ये आहे पण टॅगमध्ये नाही, अशा प्रत्येक फाइलीचं कारण सांगता आलं पाहिजे. ऑटोटूल्सने तयार केलेलं कॉन्फिगर असेल तर ठीक. बाकी काही दिसलं तर थांबा आणि मूळ प्रकल्पाला विचारा.

मेकफाइल

पणतीच्या मेकफाइलच्या आधीच्या ओळी अशा होत्या:

पोर्टनेम= पणती
डिस्टव्हर्जन= २.३.१
पोर्टरिव्हिजन= २
कॅटेगरीज= टेक्स्टप्रॉक

अपडेटनंतर डिस्टव्हर्जन २.४.० होतो आणि पोर्टरिव्हिजनची ओळ पूर्ण काढून टाकायची. पोर्टरिव्हिजन हा 'मूळ आवृत्ती तीच, पॅकेज मात्र बदललं' हे सांगणारा आकडा आहे. आवृत्ती बदलली की त्याचं काम संपतं. नवख्यांच्या पॅचमध्ये ही ओळ हमखास राहून जाते आणि पणती-२.४.०_२ असं पॅकेज जन्माला येतं, ज्याच्या आधी _१ कधी नव्हतंच.

उलट प्रश्नही पडतो: आवृत्ती न बदलता पोर्टरिव्हिजन कधी वाढवायचा? कसोटी एकच. आधीच पॅकेज बसवलेल्या माणसाला नवं पॅकेज मिळायला हवं का? नवा पॅच, बदललेली डिपेन्डन्सी, आपोआप चालू होणाऱ्या पर्यायांतला फेरफार, फाइलींच्या यादीत बदल असेल तर हो. वर्णनातली शुद्धलेखनाची चूक, वेबसाइटचा बदललेला पत्ता, किंवा आधी बिल्डच होत नव्हतं ते आता होऊ लागलं, यांसाठी नाही. उगाच वाढवलं तर हजारो मशीन तेच पॅकेज पुन्हा उतरवतात.

पोर्टएपॉक हे वेगळंच प्रकरण. समजा मूळ प्रकल्प तारखेवरून २०२४०११० अशी आवृत्ती देत होता आणि एके दिवशी त्याने १.० जाहीर केली. पीकेजीच्या दृष्टीने १.० हा आकडा लहान, म्हणून कोणाकडेच अपडेट पोचणार नाही. तिथे 'पोर्टएपॉक= १' लावायचा; पॅकेजचं नाव पणती-१.०,१ होतं आणि स्वल्पविरामानंतरचा १ बाकी सगळ्यांवर मात करतो. एकदा लागलेला एपॉक कधीच काढता येत नाही, कमीही करता येत नाही. म्हणून शंका असेल तर आधी तपासा:

पीकेजी व्हर्जन -टी २०२४०११० १.०

उत्तरात '<', '=' किंवा '>' यांपैकी एकच चिन्ह येतं. बीटा, आरसी असली अक्षरं आवृत्तीत असतील तेव्हा अंदाज न करता हीच कमांड चालवावी.

पोर्टव्हर्जन आणि डिस्टव्हर्जन हे दोन्ही एका मेकफाइलमध्ये द्यायचे नसतात. डिस्टव्हर्जनमध्ये मूळ प्रकल्प जसं लिहितो तसं लिहायचं; पॅकेजला चालेल असं रूप यंत्रणा स्वतः काढते. आपल्या मराठीच्याच अ‍ॅस्पेल शब्दकोशाची मूळ आवृत्ती ०.१०-० अशी लिहिलेली आहे. पॅकेजच्या नावात हायफन हा नाव आणि आवृत्ती यांमधला दुवा असल्यामुळे तो आवृत्तीत चालत नाही. डिस्टव्हर्जनमधून त्याचं ०.१०.० होतं. टॅगच्या आधी 'व्ही' अक्षर असेल, म्हणजे व्ही२.४.० असा टॅग असेल, तर डिस्टव्हर्जनप्रिफिक्समध्ये फक्त 'व्ही' लिहायचा.

डिपेन्डन्सीच्या ओळींत लायब्ररीसाठी लिब_डिपेंड्स, फक्त बिल्डपुरत्या साधनांसाठी बिल्ड_डिपेंड्स आणि चालताना लागणाऱ्यांसाठी रन_डिपेंड्स. लिहिण्याची पद्धत 'लिबपीएनजी.एसओ:ग्राफिक्स/पीएनजी' अशी: आधी जे सापडायला हवं ते, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ते देणारा पोर्ट. तुमच्या मशीनवर पीएनजी आधीच असेल तर ही ओळ विसरली तरी बिल्ड निर्धास्त होतं. ही चूक फक्त स्वच्छ जेलमध्येच उघडी पडते.

रस्ट आणि गो भाषांतल्या प्रोग्रामांचं ओझं वेगळं. पूड्रिएरमध्ये सोर्स उतरवून झाला की नेटवर्क बंद होतं, त्यामुळे बिल्डच्या मध्यावर कार्गो किंवा गोने काही खेचायचा प्रयत्न केला की बिल्ड तिथेच मरतं. रस्टसाठी 'मेक कार्गो-क्रेट्स' चालवून आलेली यादी मेकफाइल.क्रेट्समध्ये ठेवा आणि त्यानंतर चेकसम नव्याने काढा. प्रत्येक अपडेटला ही यादी नव्याने काढावी लागते; जुनी वापरली तर कार्गो लॉक फाइलशी जुळत नाही म्हणून तक्रार करतो.

चेकसम

मेक मेकसम

ही कमांड सोर्स उतरवते आणि डिस्टइन्फोमध्ये टाइमस्टँप, एसएचए२५६ आणि साइझ अशा नोंदी लिहिते. नव्या आवृत्तीसाठी हे बिनघोर चालवा. पण आवृत्ती बदललेली नसताना चेकसम जुळेनासा झाला, तर मेकसम चालवून प्रश्न मिटवणं म्हणजे धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढणं. त्याच नावाच्या टारबॉलमध्ये कोणीतरी काहीतरी बदललं आहे. जुनी प्रत फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या डिस्टकॅशवर बहुधा मिळते. ती आणि नवी उलगडून डिफ करा. अनेकदा कारण निरुपद्रवी असतं. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपोआप बनणाऱ्या टारबॉलची कॉम्प्रेशनची पद्धत बदलली, जगभरचे चेकसम मोडले आणि त्यांना बदल मागे घ्यावा लागला. आतल्या फाइली मात्र त्याच होत्या. मूळ प्रकल्पाने खरोखर आशय बदलला असेल तर पोर्टरिव्हिजन वाढवा आणि काय बदललं ते कमिट संदेशात लिहा.

पॅच

आता 'मेक पॅच'. फाइल्स डिरेक्टरीतले पॅच नव्या सोर्सवर बसले नाहीत तर स्क्रीनवर 'हंक फेल्ड' दिसतं. घाबरायचं कारण नाही, पण लगेच जुळवायलाही बसू नका. आधी बघा, ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली आहे का. गेली असेल तर पॅच आनंदाने खोडून टाका. नसेल तर फाइलची मूळ प्रत '.ओरिग' या शेपटीने ठेवा, फाइल दुरुस्त करा आणि 'मेक मेकपॅच' चालवा; ठरलेल्या नावाने, ठरलेल्या मांडणीत पॅच तयार होतो. हाताने पॅचचे ओळक्रमांक बदलत बसू नये.

पॅच निदान आरडाओरडा करतो. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने केलेली बदलाबदल मात्र गप्प राहते. पोस्ट-पॅच टप्प्यात रीइनप्लेस_कमांडने '/ईटीसी/पणती.कॉन्फ' च्या जागी '/यूएसआर/लोकल/ईटीसी/पणती.कॉन्फ' घालायची सोय असेल आणि नव्या आवृत्तीत ती ओळ दुसऱ्या फाइलीत गेली असेल, तर सेडला काही सापडत नाही, तो शून्य परत करतो आणि बिल्ड पुढे जातं. पॅकेज बनतं, बसतं, आणि चालवल्यावर म्हणतं कॉन्फिग फाइल नाही. अपडेट करताना प्रत्येक सेडचा परिणाम स्वतः ग्रेप करून बघायचा.

लिनक्सवरच चाचणी झालेल्या सोर्समध्ये ठरावीक खोडी निघतात. पहिल्या ओळीत /बिन/बॅश लिहिलेलं असतं, जे फ्रीबीएसडीत नाहीच. मेकफाइलच्या यूझेस या व्हेरिएबलमध्ये शेबँगफिक्स घाला. जीएनयू मेकच्या लकबी असतील तर जीमेक. मॅलॉक.एच ही हेडर फाइल घेतली असेल तर कंपायलर सरळ एरर देतो, तिथे एसटीडीलिब.एच हवी. क्लँग /यूएसआर/लोकल/इन्क्लूडमध्ये आपणहून बघत नाही, म्हणून 'हेडर सापडली नाही' आलं की लोकलबेस. आणि फ्रीबीएसडी १४.० मध्ये क्लँग १६ आल्यापासून न सांगता वापरलेलं फंक्शन ही नुसती सूचना राहिलेली नाही, एरर झाली आहे. जुने, कोणी न बघितलेले पोर्ट यावरच सर्वाधिक अडतात. सूचना बंद करणारा फ्लॅग घालून सुटका होते, पण योग्य हेडर घालणारा दोन ओळींचा पॅच मूळ प्रकल्पाला पाठवला तर पुढच्या वेळी तुमचंच काम वाचतं.

स्टेज आणि फाइलींची यादी

मेक स्टेज
मेक चेक-प्लिस्ट
मेक स्टेज-क्यूए

पहिली कमांड सगळं खऱ्या सिस्टीमवर न बसवता वर्क/स्टेज या डिरेक्टरीखाली बसवते. दुसरी त्याची पीकेजी-प्लिस्टशी तुलना करते. 'ऑर्फन्ड' म्हणजे फाइल बसली पण यादीत नाही. 'मिसिंग' म्हणजे यादीत आहे पण बसलीच नाही. ऑर्फन्ड सोपं: ओळ घाला. मिसिंग दिसली की मात्र ओळ खोडण्याआधी विचारा की ती का गेली. मूळ प्रकल्पाने काढली, की बिल्डला एखादी डिपेन्डन्सी सापडली नाही आणि त्याने तो भाग चुपचाप वगळला? दुसरं असेल आणि तुम्ही ओळ खोडली, तर एका सुविधेवर तुम्हीच पाणी सोडलंत.

यादी फार बदलली असेल तर 'मेक मेकप्लिस्ट' संपूर्ण नवी यादी छापतं. तिची पहिली ओळ '/यू/हॅव/टू/चेक/व्हॉट/मेकप्लिस्ट/गिव्हज/यू' अशी असते. हा एक मुद्दाम घातलेला खोटा पाथ आहे. न वाचता चिकटवणाऱ्याचं पॅकेज त्या ओळीवरच अडकतं. वाचताना बघायचं ते हे: पर्याय बंद केला तर ज्या फाइली नसतील त्यांच्यापुढे त्या पर्यायाची खूण आहे का, आणि कॉन्फिग फाइल '@सँपल' लावून आली आहे का. सँपल लावलं की वापरणाऱ्याने बदललेली कॉन्फिग अपडेटमध्ये जशीच्या तशी राहते. ते विसरलात तर एखाद्याची महिनाभर जुळवलेली सेटिंग पुसली जाईल.

स्टेज-क्यूएचे इशारे नीट वाचा. 'अमुक फाइल तमुक लायब्ररीला जोडलेली आहे पण डिपेन्डन्सी जाहीर नाही' हा सर्वांत मोलाचा. त्याच्या उलट 'ही लिब_डिपेंड्स कदाचित नको' असाही येतो. तो सूचना म्हणून घ्या, लायब्ररी चालताना डीएलओपनने उघडली जात असेल तर ती यंत्रणेला दिसत नाही.

शेवटी पोर्टलिंट, कॅपिटल ए आणि कॅपिटल सी या पर्यायांसह. कॉमेंटची ओळ ७० अक्षरांच्या आत, शेवटी पूर्णविराम नको, व्हेरिएबलचा क्रम ठरलेला. पोर्टलिंट कधीकधी कुरकुरतो आणि त्याचं म्हणणं दरवेळी बरोबर नसतं. पण 'फेटल' म्हणाला तर ऐकायचं.

जेलमधली चाचणी

पूड्रिएर टेस्टपोर्ट -जे १४३एएमडी६४ -पी काम टेक्स्टप्रॉक/पणती

इथे 'काम' हे तुमच्या ट्रीला दिलेलं नाव. डिपेन्डन्सीमध्ये रस्ट किंवा एलएलव्हीएम असेल तर साधा लॅपटॉप तासन्‌तास घरघरत बसेल. '-बी लेटेस्ट' दिलं की जुळणारी तयार पॅकेजं अधिकृत रिपॉझिटरीतून येतात आणि बिल्ड फक्त तुमच्या पोर्टचं होतं. टेस्टपोर्ट बिल्ड करतो, बसवतो, काढतो आणि मागे काही फाइल उरली का, बिल्डने स्वतःच्या डिरेक्टरीबाहेर हात घातला का, तेही बघतो. लॉगमध्ये एररची शेवटची ओळ न बघता पहिली शोधा. अनेक कामं समांतर चालू असतात, त्यामुळे खरी चूक कधी कधी २०० ओळी वर असते.

सेव्ह केलेले पर्याय ही एक छुपी अडचण. तुम्ही कधीतरी मेक कॉन्फिगमध्ये एक खूण काढली असेल तर ती /व्हार/डीबी/पोर्ट्समध्ये राहते आणि घरच्या मेकमध्ये तीच लागू होते. चाचणीआधी 'मेक आरएमकॉन्फिग' करा. पर्याय असलेल्या पोर्टमध्ये सगळे बंद करूनही एकदा बिल्ड करून बघावं. शक्य असेल तर ३२-बिट जेलमध्येही. ऑफसेट आणि पॉइंटरच्या आकाराबद्दलचे गैरसमज तिथेच उघडे पडतात.

बिल्ड झालं म्हणजे प्रोग्राम चालतो असं नाही. टेस्टपोर्टला 'आय' पर्याय दिला की शेवटी जेलमध्येच शेल मिळतो. तिथे प्रोग्राम चालवा. सेवा असेल तर सुरू करा, थांबवा, पुन्हा सुरू करा. आणि जे जवळजवळ कोणी करत नाही ते करा: वेगळ्या जेलमध्ये जुनं २.३.१ चं पॅकेज बसवा, कॉन्फिगमध्ये एक ओळ बदला, मग २.४.० वर अपग्रेड करा. खरे वापरणारे याच वाटेने येणार आहेत. डेटाबेसची मांडणी बदलली किंवा कॉन्फिगमधला शब्द बदलला असं आढळलं, तर ट्रीच्या मुळाशी असलेल्या अपडेटिंग या फाइलीत नोंद लागते: तारीख, कोणाला लागू, नेमकी कोणती कमांड चालवायची. 'काळजी घ्या' लिहून भागत नाही.

आपल्यावर विसंबलेले

पणतीसोबत लायब्ररी आहे, त्यामुळे काम इथे संपत नाही. जुन्या आणि नव्या लायब्ररीवर 'रीडएल्फ -डी' चालवून एसओनेम, म्हणजे लायब्ररीत नोंदलेलं तिचं आकड्यासह नाव, बघा. लिबपणती.एसओ.३ चं लिबपणती.एसओ.४ झालं असेल, तर जुन्या लायब्ररीला जोडलेला प्रत्येक प्रोग्राम अपग्रेडनंतर सुरूच होणार नाही. ट्रीमध्ये गिट ग्रेपने 'लिबपणती.एसओ' शोधा, जे पोर्ट सापडतील त्या सगळ्यांचा पोर्टरिव्हिजन त्याच कमिटमध्ये वाढवायचा. टूल्स/स्क्रिप्ट्समध्ये बंप-रिव्हिजन नावाची स्क्रिप्ट आहे, ती हे काम बिनचूक करते. मग ती यादी पूड्रिएर बल्कला द्या. एखादा पोर्ट नव्या एपीआयमुळे मोडला तर तो तुम्ही मोडला आहे. त्याच्या मेंटेनरला कमिटनंतर कळवण्याऐवजी आधी कळवा. अवलंबून असणारे शेकड्यांत असतील तर पोर्ट मॅनेजमेंट टीमकडे एक्स्प-रनची मागणी करायची. ते संपूर्ण ट्री बिल्ड करून काय मोडतं ते सांगतात.

एसओनेम तोच पण आतली फंक्शन गायब, असंही होतं. ही मूळ प्रकल्पाची चूक, भोगावी लागते आपल्याला. म्हणून एसओनेम बदलला नसला तरी निदान दोन-तीन अवलंबून असलेले पोर्ट बिल्ड करून पाहावेत.

सुरक्षेची दुरुस्ती

दोन शाखा लक्षात ठेवा. मुख्य शाखेवरून 'लेटेस्ट' पॅकेजं बनतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिच्यातून तिमाही शाखा निघते, तिचं नाव २०२५क्यू३ अशा धर्तीचं. रिलीज आवृत्ती बसवणाऱ्याला काही न करता तिमाही पॅकेजंच मिळतात. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती फक्त मुख्य शाखेवर गेली, तर बहुतेक लोक उघडेच राहतात. कमिट संदेशात 'एमएफएच:' आणि तिमाहीचं नाव लिहून तो बदल तिकडेही न्यायची विनंती करायची. तिमाही शाखेवर नवी वैशिष्ट्यं न्यायची नसतात. मोठी उडी असेल तर फक्त दुरुस्तीचा पॅच न्या.

सोबत सिक्युरिटी/व्हीयूएक्सएमएल या, सुरक्षेच्या दोषांची यादी ठेवणाऱ्या पोर्टमध्ये नोंद. 'मेक न्यूएंट्री' साचा देतो, 'मेक व्हॅलिडेट' तपासतो. वापरणाऱ्याने 'पीकेजी ऑडिट -एफ' (एफ कॅपिटल) चालवलं की हीच नोंद त्याला इशारा देते. इथली नेहमीची चूक आवृत्तीच्या मर्यादेत होते. २.४.० मध्ये दुरुस्ती असेल तर 'एलटी २.४.०', म्हणजे त्याहून लहान सगळ्या. पण तुम्ही जुन्याच आवृत्तीवर पॅच लावून २.३.१_३ दिलं असेल तर मर्यादा 'एलटी २.३.१_३' हवी; नाहीतर दुरुस्त पॅकेज बसवलेल्यालाही धोक्याचा इशारा येत राहतो. एपॉक असेल तर तो स्वल्पविरामासह लिहा, नाहीतर तुलनाच चुकते आणि असुरक्षित मशीनला कोणताही इशारा मिळत नाही.

पाठवणं

कमिट करण्याचा अधिकार नसतानाही मेंटेनर होता येतं, बरेच तसेच असतात. कमिटची पहिली ओळ 'टेक्स्टप्रॉक/पणती: अपडेट टू २.४.०', मग रिकामी ओळ, मग काय बदललं आणि का. 'गिट फॉरमॅट-पॅच' ने फाइल काढा, फ्रीबीएसडीच्या बगझिलामध्ये पोर्ट्सच्या विभागात नवी नोंद उघडा आणि ती जोडा. तुम्हीच मेंटेनर असाल तर जोडलेल्या फाइलीवर मेंटेनर-अप्रूव्हलची '+' खूण लावा; ती नसेल तर कमिटर तुमच्याच संमतीची वाट बघत बसतो. मूळ प्रकल्पाच्या बदलांच्या नोंदीचा पत्ता आणि कोणकोणत्या जेलमध्ये चाचणी केली ते लिहा. पोर्टलिंट आणि टेस्टपोर्ट स्वच्छ गेल्याचा उल्लेख असेल तर कमिटरचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमची नोंद लवकर उचलली जाते.

दुसऱ्याचा पोर्ट असेल तर त्याला उत्तरासाठी १४ दिवस मिळतात. त्यात काहीच आलं नाही तर 'मेंटेनर टाइमआउट' म्हणून बदल कमिट होऊ शकतो. तीन महिने एखादा मेंटेनर पूर्ण गप्प राहिला तर पोर्ट त्याच्याकडून काढून घेतला जाऊ शकतो.

कमिट झाल्यावर दोन-चार दिवस मेल बघत राहा. बिल्ड क्लस्टरवर एखाद्या आर्किटेक्चरवर बिल्ड पडलं तर 'फॉलआउट'चा मेल लॉगच्या दुव्यासह मेंटेनरला येतो. दुरुस्ती लगेच शक्य नसेल तर त्या आर्किटेक्चरपुरती 'ब्रोकन_' आणि त्याला जोडून आर्किटेक्चरचं नाव अशी ओळ, कारणासह, घालून ठेवा. क्लस्टर रोज तेच बिल्ड पाडत बसणार नाही आणि वापरणाऱ्याला कारण दिसेल. आणि पोर्ट सांभाळायला वेळच उरला नसेल, तर मेंटेनरच्या ओळीत पोर्ट्स@फ्रीबीएसडी.ऑर्ग हा सामाईक पत्ता घालणारा एका ओळीचा पॅच पाठवा. त्याला पोर्टरिव्हिजन वाढवावा लागत नाही.